रोल संपला होता

"सूर्य पाठीवर घ्या हो, तांडेल. माझ्या डोळ्यांत नको."

सोवनी साहेबांनी हे तिसऱ्यांदा सांगितलं. मीही तिसऱ्यांदा "होय साहेब" म्हटलं, कळपाला वळसा घालून होडी पुन्हा मावळतीच्या अंगाला नेली आणि तिचं तोंड नेमकं उगवतीकडे धरलं. समोर पन्नास हातांवर आठ-दहा गादे उसळत होते. डॉल्फिनला आमच्या निवतीच्या किनाऱ्यावर गादा म्हणतात. फेब्रुवारीतली सकाळ, पाण्यावर सुरकुती नाही, आणि अख्खा सूर्य साहेबांच्या भिंगात शिरत होता. फोटोत काय येणार ते मला पक्कं ठाऊक होतं. काळं पाणी, काळा मासा आणि वर नुसता पांढरा फटक उजेड. सहा वर्षं पर्यटकांना गादे दाखवून मी पोट भरत होतो. कुणाला चांगला फोटो द्यायचा आणि कुणाला नाही, हे शेवटी होडी हाकणाऱ्याच्या हातात असतं.

"मी काय म्हणतोय ते कळतंय ना तुम्हाला?" साहेब कॅमेरा खाली घेऊन वळले.

"कळता साहेब. पण खालून करंट हा. होडी आपसूक फिरता."

करंट बिरंट काही नव्हता. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि डोळे पुसून पुन्हा कॅमेरा लावला. मला बरं वाटलं. तेरा वर्षं ज्याच्या नावानं दातओठ खाल्ले तो माणूस माझ्याच होडीत, माझ्या हातभर पुढं बसून डोळे पुसत होता. पण एवढ्यावर माझं समाधान होणार नव्हतं. ही नुसती सुरुवात होती.

आदल्या संध्याकाळी हे गृहस्थ किनाऱ्यावर आले होते. बाहेरच्या समुद्राची माहिती असलेला माणूस हवा म्हणाले. दीपगृहापलीकडे ट्रॉलरवाल्यांना काळे-पांढरे मोठे मासे दिसले होते, उंच परांचे. "ऑर्का असणार. आपल्या किनाऱ्यावर त्यांचा धड एक फोटो कुणाकडे नाही," ते म्हणाले. बोलताना त्यांचा डावा डोळा मिटलेला होता. कॅमेरा हातात नसतानाही डावा डोळा मिटून बघायची ती खोड मी एकदा पाहिलेली होती. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, पण डोळा तोच. मी मात्र बदललो होतो. एकोणीस वर्षांच्या काडीपहिलवानाचा दाढीवाला बाप्या झालो होतो. त्यांनी मला ओळखलं नाही, आडनावही विचारलं नाही.

"किती माणसं लागतील?" त्यांनी विचारलं.

"मी एकटो बास," मी म्हटलं. एवढ्या बाहेर जाताना सोबत दुसरा माणूस घेतल्याशिवाय कुणी जात नाही. पण मला दुसरा माणूस नको होता.

हेच सोवनी तेरा वर्षांपूर्वी मच्छीमारांच्या जीवनाचे फोटो काढायला म्हणून निवतीला आले आणि आमच्याच घरी उतरले. तीन दिवस आमच्याकडे जेवले. माझे बाबा, गंगाराम कुबल, वाडीचे जाणते तांडेल. तिसऱ्या दिवशी बाबा, मी आणि साहेब असे तिघंच होडीवर होतो. जाळ्यात गाद्याचं पिल्लू सापडलं. दोरा त्याच्या तोंडात रुतून रक्त येत होतं.

आता आमच्यात जाळं कुणी कापत नाही. कितीही गुंता होवो, दिवस गेला तरी चालेल, गाठ न् गाठ बोटांनी सोडवायची. पण गादा सापडला तर उलट. तो हवा घेणारा जीव, सोडवत बसलं तर गुदमरतो, म्हणून जाळं सरळ कापायचं आणि त्या भोकाला तो हंगाम संपेपर्यंत टाका घालायचा नाही. ही वाडीची रीत. बाबांनी त्या सालचं कोरं जाळं कापलं. कमरेपर्यंत होडीबाहेर लोंबकळत, पिल्लाचं डोकं एका बगलेत धरून, रक्तानं माखलेल्या हातातल्या सुरीनं. साहेबांचा कॅमेरा खटाखट वाजत होता. पिल्लू सुटलं. त्याची आई दहा हातांवर वर आली, दोघं जोडीनं निघून गेली. बाबा हसले. साहेबही हसले, मी पाहिलं.

दोन महिन्यांनी पेपरात पानभर फोटो. सुरी, रक्त, पिल्लाचं मिटलेलं तोंड आणि बाबांचा चेहरा. खाली ओळ होती, 'निष्पाप जिवाचा मारेकरी'. फोटो नीट पाहिला तर सुरीची धार दोऱ्यावर आहे हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण शहरात जाळं कोण ओळखतो? चौकशी आली. बाबा दोन रात्री कोठडीत बसले. मी पाहिलेलं सांगितलं, पण बापासाठी मुलानं दिलेली साक्ष कोण धरतो? वाडीतली सगळ्यांची जाळी तपासाला गेली आणि ऐन हंगामात होड्या वाळूवर पडून राहिल्या. चार वर्षांनी बाबा पुराव्याअभावी सुटले, म्हणजे सुटले तेही चोरासारखे. तोवर वाडीचं मन फिरलं होतं. नारळी पुनवेचा सोन्याच्या वर्खाचा नारळ समुद्राला अर्पण करायचा मान पिढ्यान् पिढ्या आमच्या घराचा. त्या साली चार वडीलधारे ओटीवर आले आणि म्हणाले, "गंगाराम, यंदा र्‍हवांदे." मग तो मान मेतरांच्या घरी गेला तो गेलाच. बाबांनी पुन्हा दर्यात पाय घातला नाही. मागच्या पडवीत बसून लोकांची जाळी विणू लागले.

ते सोवनींना कधी शिवी देत नसत, याचाच मला जास्त राग यायचा. "तेणा सगळा बगल्यान हा," ते म्हणायचे. "एक दिवस सांगतलो तो. मगे नारळ माझ्या हातात देतले. एकदा तरी देतले." आई याच घोरात गेली. बाबांना तो नारळ जिवंतपणी परत मिळावा एवढंच मला हवं होतं. आणि ते होणार नसेल तर मारेकरी कुणाला म्हणायचं ते मला ठरवायचं होतं.

तर त्या सकाळी मी साहेबांना गाद्यांमागे दोन तास फिरवलं आणि मग दीपगृह मागं टाकून बाहेर काढलं. किनारा दिसेनासा झाला. साहेब कॅमेऱ्याच्या पाठीवरचे फोटो बघत होते आणि एकेक पुसत होते.

"एकही धड नाही," ते पुटपुटले. "बॅटरीही गेली बघा. कालचीच होती. तांडेल, तो डबा द्या जरा, नव्या बॅटऱ्या त्यात आहेत."

निघताना पाणी लागू नये म्हणून त्यांनीच तो डबा माझ्याकडे दिला होता. तो माझ्या पायांत होता. मी इंजिन बंद केलं.

"साहेब, माझा आडनाव तुमी इचारलात नाय."

"काय?"

"कुबल. हरेश्वर गंगाराम कुबल."

होडी हळूहळू थांबली. साहेबांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं आणि मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

"तू... तो मुलगा तू? तुझ्या आईनं मला शेवटच्या दिवशी मुद्दाम तिसऱ्यांची आमटी..."

"आवस गेली माझी. तिच्या हातचा काय खाल्लात ता सोडा. त्या दिवशी काय बगलात ता सांगा."

"आत्ता? इथं?"

"हयच. तिसरो कोण नाय. घाबरू नका, मारूचंय नाय तुमका. मारेकरी माझो बापूस, मी न्हय."

ते पाण्याकडे वळले. मग शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं सपाट आवाजात म्हणाले, "तुझ्या वडिलांनी जाळं कापलं. पिल्लू सुटलं. त्याची आई वर आली. दोघं निघून गेली."

"मगे त्येचो फोटो खंय?"

"रोल संपला होता."

"काय?"

"छत्तीस फोटोंचा रोल असायचा तेव्हा. छत्तिसावा फोटो सुरीचा. दुसरा रोल घालायला दोन मिनिटं लागतात, तोवर पाणी मोकळं झालं होतं. आणि ती खालची ओळ मी लिहिलेली नव्हती, हरेश. पेपरात लिहिली कुणीतरी. मी कळवणार होतो. पण फोटोला बक्षीस लागलं. मग दुसरं लागलं. मग वाटलं, आता कोणत्या तोंडानं सांगू? आणि नुसतं सांगून विश्वास कोण ठेवणार? माझ्याकडे फोटो नव्हता."

"डोळे होते मा?"

त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला.

"डोळे होते तुमचे! तेरा वर्सां तो म्हातारो तुमच्या डोळ्यांची वाट बगता. आणि तुमी म्हणतास, फोटो नाय!"

तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या क्षणी मी खरंच काहीतरी भलतंच करून बसलो असतो. पण तेवढ्यात आमच्या मागं कुणीतरी मोठा श्वास टाकला.

दोघंही वळलो. पाण्यातून एक काळा पर वर येत होता. वर येतच राहिला. माणसाच्या उंचीएवढा झाला तेव्हा थांबला. त्याच्या मागं दुसरा, लहान. आणि दोघांच्या मधे एक पिल्लू, त्याच्या डोळ्यामागचा डाग पांढरा नव्हता, पिवळसर होता, दुधात हळद पडल्यासारखा. जन्म दर्यात गेला तरी मी असं जनावर पाहिलं नव्हतं. ते सरळ होडीकडे येत होते, कसलीही घाई नसल्यासारखे.

"डबा!" साहेब ओरडले. "हरेश, डबा दे! अरे, पिल्लू आहे सोबत! लवकर!"

मी डबा उचलला आणि झाकण उघडलं. आत फडक्यात गुंडाळलेल्या दोन बॅटऱ्या होत्या. एक काढून मी होडीच्या काठाबाहेर हात धरला.

"नको. ऐक माझं. हवं ते लिहून देतो, हवं तिथं सही करतो. पण आत्ता ती दे."

मी मूठ सोडली. टपकन आवाज झाला. दुसरीही सोडली.

"आता बगा," मी म्हटलं. "डोळ्यांनी बगा. तुमचो रोल संपलो."

साहेबांनी तो मेलेला कॅमेरा तरीही डोळ्याला लावला. एकदा, दोनदा कळ दाबली. मोबाईल ते रेंज नाही म्हणून खोलीवरच ठेवून आले होते. मग त्यांनी कॅमेरा फळीवर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले. मोठा मासा होडीखालून गेला. त्याचं पोट खालून पांढरंशुभ्र दिसलं, होडीच्या या काठापासून त्या काठाच्याही बाहेर. पिल्लानं आमच्या बाजूला अंग वळवून डोळा वर केला आणि आमच्याकडे बघितलं. साहेब रडत होते. दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून रडत होते. एक विडी ओढून होईल एवढा वेळ ते जीव आमच्याभोवती होते आणि तेवढ्या वेळात मी कुणाचा मुलगा आहे आणि इथं कशाला आलोय तेही विसरलो होतो. मग ते गेले आणि मला सगळं आठवलं.

"कोणाक तरी सांगा आता," मी इंजिन चालू करत म्हटलं. "सांगा, ऑर्का बगलंय, पिल्लासकट, सहा हातांवर. आणि फोटो मागतले तेवा काय सांगतास ता बगतंय मी."

परतताना दीपगृहापाशी त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला. मग म्हणाले, "मी लिहीन, हरेश. तुझ्या वडिलांचं सगळं लिहीन."

"तेरा वर्सां झाली."

"लिहीन."

मी इंजिनचा आवाज वाढवला. किनाऱ्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, "त्यांना एकदा भेटू शकतो का? पाया पडेन."

"ते कोणाक भेटणत नाय," मी म्हटलं. बाबा तेव्हा पडवीत होते, हाकेच्या अंतरावर. पण भेट, पाया पडणं, म्हाताऱ्यानं डोक्यावर हात ठेवणं आणि याचं ओझं उतरणं, एवढ्या स्वस्तात मी याला सोडणार नव्हतो. साहेबांनी मान हलवली आणि वाळूतून चालू लागले. मी बाबांना यातलं काहीच सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी सकाळी होडी धूत होतो तेव्हा फोन आला. पलीकडे कुणी बाई होत्या, एका पेपराच्या रविवारच्या पुरवणीचं काम बघणाऱ्या.

"हरेश्वर तुम्हीच ना? सोवनी साहेबांनी तुमचा नंबर दिलाय. त्यांनी लेख पाठवलाय, निवतीसमोर ऑर्का दिसल्याचा. फोटो एकही नाही. इतकी मोठी गोष्ट नुसत्या शब्दावर छापता येत नाही, म्हणून विचारतेय. बोटीवर तुम्ही होतात. तुम्हाला दिसले का?"

साबणाचा हात मी विजारीला पुसला. असा मोका देव एकदाच देतो असं मला वाटलं. याला पाण्यावर पाहिलेलं सगळं जगाला सांगायचं होतं आणि साक्षीदार होतो मी एकटा. अगदी तेव्हा जसा आमच्या घराबाहेरचा तो एकटा होता.

"ऑर्का?" मी म्हटलं. "नाय बाई. गादे दिसले. डॉल्फिन. आठ-दहा होते."

"काळे-पांढरे, मोठे असं काही?"

"काय नाय. मी होतंय ना होडयेर. साहेबांचा वय झाला आता, उनाचा डोळ्यांक त्रास होय होतो तेंका. सारखे पुसत होते."

"असं," त्या म्हणाल्या. "बरं झालं विचारलं. आभारी आहे हं."

फोन ठेवला आणि मला हसू फुटलं. एकटाच किती तरी वेळ हसलो. त्या दिवशी बाजारातून सुरमई आणली. बाबा म्हणाले, "आज काय सण हा?" मी म्हटलं, "असाच." तेरा वर्षांत घास इतका गोड लागला नव्हता. सोवनी आता तोंडावर आपटतील, चार लोकांत खोटे ठरतील, आणि का ते फक्त त्यांना आणि मला ठाऊक असेल. उट्टं काढावं तर असं.

तीन आठवड्यांनी पोस्टमन जाड पाकीट देऊन गेला. आत टाईप केलेले चार कागद आणि हातानं लिहिलेली एक चिठ्ठी. मी ओटीवर उभ्या उभ्याच कागद वाचायला घेतले. पहिल्या पानावर ते ऑर्का होते. होडीखालून गेलेलं पांढरं पोट, पिल्लाच्या डोळ्यामागचा पिवळसर डाग. बॅटऱ्या पाण्यात कुणी टाकल्या त्याचा एक शब्द नव्हता. 'माझ्याकडे याचा फोटो नाही, तरीही मी हे पाहिलं,' असं लिहिलं होतं. आणि दुसऱ्या पानावर पहिलीच ओळ होती, 'तेरा वर्षांपूर्वी याच समुद्रात मी आणखी एक गोष्ट पाहिली, तिचाही फोटो माझ्याकडे नाही.'

पुढं सगळं होतं. कोरं जाळं कापणं, टाका न घालायची रीत, सुटलेलं पिल्लू, वर आलेली आई. बाबांचं पूर्ण नाव. आपल्याला बक्षिसं मिळत गेली आणि आपण गप्प बसलो, हेही स्वतःच्या नावानं, आडपडदा न ठेवता.

चिठ्ठीत मोजक्या ओळी होत्या. 'पेपरानं तुम्हाला फोन केला होता असं कळलं, तुमचं उत्तरही कळलं. जो माणूस न दिसलेले ऑर्का दिसले म्हणतो, त्याच्या शब्दावर तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट कशी छापायची, असं त्यांचं म्हणणं आहे. बरोबरच आहे. दुसऱ्या दोन ठिकाणी पाठवलं, त्यांनीही याच पेपरवाल्यांना विचारलं. तुमच्यावर माझा राग नाही. लेख तुमच्याकडे असावा म्हणून पाठवतो. कधी माझी गरज लागली तर हाक मारा.' खाली नंबर होता.

कागद ओटीवर तसेच टाकून मी चिठ्ठी खिशात कोंबली आणि माडाखाली जाऊन त्या बाईंना फोन लावला.

"मी हरेश्वर, निवतीवरून. ऑर्का दिसले होते. तीन होते. मी खोटं बोललो."

"तुम्हीच मागच्या फोनवर नाही म्हणालात ना?"

"होय. पण ते खोटं होतं. हे खरं."

"मला कसं कळणार, कोणतं खरं ते?" त्या चिडल्या नव्हत्या, थकल्यासारख्या बोलत होत्या. "एक विचारू? लेखातले गंगाराम कुबल तुमचे कोण?"

"बापूस."

"मग तुम्हीच सांगा, मी काय छापू," त्या म्हणाल्या.

मी घरी आलो तर बाबा ओटीवर बसले होते. डोळ्यांवर चष्मा, मांडीवर कागद, ओळीखाली बोट धरून दुसरं पान वाचत होते. त्यांचे ओठ हलत होते. मला बघून त्यांनी मान वर केली आणि तेरा वर्षांत न पाहिलेला चेहरा मला दिसला.

"हरेशा, लिवल्यान रे तेणा! सगळा लिवल्यान! जाळ्याचा पण लिवल्यान बग, टाक्याचा पण! मी सांगलेलंय मा तुका? तो बरो माणूस." मग कागद उलटेपालटे करून म्हणाले, "पेपरात कधी येतलो ह्यो?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून मी म्हटलं, "येतलो, बाबा. टायम लागता तेंका."

दुसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि कागद घेऊन भर सकाळी किनाऱ्यावरून मेतरांच्या घरी गेले. मेतरांनी वाचून बघितलं. म्हणाले, "गंगाराम, टाईप केलेलो कागद कुडाळात कोणय करून देता. पेपरात येवंदे. पेपरात इलो की यंदाचो नारळ तुझो, माझो शब्द हा." बाबा हसतच परत आले. पुनवेला अजून पाच महिने होते.

त्या दिवसापासून आमच्या घरी पेपर सुरू झाला. रोज सकाळी मी नाक्यावरून तो आणायचा आणि बाबांनी विचारायचं, "इलो?" मी पानं उलटल्यासारखं करायचो आणि म्हणायचो, "आज नाय, बाबा." "फाल्या येतलो," म्हणजे उद्या येईल, असं ते म्हणायचे. एकदाही त्यांना संशय आला नाही. कसा येणार? त्यांचा सोवनींवर विश्वास होता, माझ्यावर तर होताच.

मार्ग एकच होता. सोवनींना बोलवायचं. ते आले असते. वाडीसमोर उभं राहून तोंडानं सगळं सांगितलं असतं, मग पेपराची गरजच उरली नसती. आज मला खात्री आहे, आले असते. पण त्या माणसाला फोन करायचा म्हणजे मीच आधी म्हणायचं की मी चुकलो, मी खोटं बोललो, माझ्या बापाचा नारळ मी घालवला. त्याला सांगायचं? ज्यानं आमचं वाटोळं केलं त्याला? फोन हातात घ्यायचो, नंबर निम्मा दाबायचो आणि त्याचा तो मिटलेला डावा डोळा समोर आला की ठेवून द्यायचो. उद्या करू म्हणायचो. मी त्याच्यावर इतका डूख धरला होता की तो सोडायला हात उघडेना.

आषाढात बाबांनी अंथरूण धरलं. छातीत कफ झाला आणि डोळ्यांना दिसेनासं झालं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला पेपर वाचून दाखवायला सांगितला, सगळाच, पहिल्या पानापासून. मी वाचत गेलो. पावसाच्या बातम्या, भांडणं, भाजीचे दर, लग्नाच्या जाहिराती. ते डोळे मिटून ऐकत होते. सगळं संपल्यावर म्हणाले, "आमचा?"

"आज नाय, बाबा."

"बरा," ते म्हणाले. "फाल्या बग."

तेव्हाही सोवनींचा नंबर माझ्या खिशात होता.